ओपलच्या कबरीवरची टिकटिक

ब्रशी फोर्क, ओहायो
मंगळवार, १२ एप्रिल २०१६

इमोजीनताई,

आज सकाळी धुकं होतं. नऊच्या सुमारास कारखान्याच्या दक्षिण फाटकावर गेले, दुपारी घरी आले. कपडे धुतले. संध्याकाळी कालचे बीन्स तापवून खाल्ले.

फोन करू नकोस, लिही, असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून लिहिते आहे.

कारखाना पाडून झाला. हर्शेलनं एकतीस वर्षं ज्या इमारतीत युरेनियमच्या वायूचे पाईप सांभाळले, ती इमारत आता नाही. तिथे उघडी माती आहे. ती खोदतात, तपासतात आणि खराब निघाली की ट्रकनं टेकडीपलीकडच्या अस्तर घातलेल्या खड्ड्यात नेऊन पुरतात. जी जमीन स्वच्छ ठरेल ती कुंपणाबाहेर सोडणार आहेत. आपल्या दफनभूमीच्या मागची पट्टी आता खोदायला घेतली. त्याआधी दफनभूमी तपासायची होती आणि आपल्या प्रुइट घराण्यातलं कुणीतरी हजर असावं म्हणून मला बोलावलं.

तपासणारी बाई ट्रिना. पलीकडच्याच गावची आहे, तिचे वडीलही कारखान्यात होते. हातात यंत्र धरून ती एकेका थडग्यापाशी हळूहळू फिरली. यंत्र सगळीकडेच थोडं टिकटिकतं. ती म्हणाली, “याच्याकडे लक्ष देऊ नका. ही त्याची नेहमीची बडबड आहे. दगड दिसला तरी बोलतं, वीट दिसली तरी बोलतं.” तुमच्या आजोबांपाशी तेवढंच बोललं. आजीपाशी तेवढंच. तान्ह्या मुलांच्या दोन दगडांपाशीही तेवढंच.

तुमच्या आईच्या, ओपलच्या कबरीच्या पायथ्याशी मात्र ते एकदम जोरात सुरू झालं. ट्रिना थांबली, मागे गेली, पुन्हा आली. पुन्हा तसंच.

“गरम आहे?” मी विचारलं. किरणोत्सर्ग लागलेल्या वस्तूला कारखान्यात गरमच म्हणतात. हर्शेलचं ऐकून ऐकून माझ्याही तोंडात बसलंय.

“काहीतरी आहे,” ती म्हणाली. “काय ते मला आत्ता सांगता येणार नाही.” तिनं चार पिवळी निशाणं रोवली.

आता दोनच गोष्टी होऊ शकतात. माती खराब असेल तर तेवढा भाग खोल खोदून न्यावा लागेल. म्हणजे ओपलना तिथून हलवावं लागेल. माती चांगली असेल तर कुंपण मागे सरकवतील, फाटक कायमचं उघडं राहील आणि आपल्या माणसांना तिथे पुन्हा जागा मिळेल. फक्त राख ठेवायला परवानगी देणार आहेत, शवपेटी नाही.

तुम्ही ओपलच्या थोरल्या, तेव्हा सही तुमची लागेल.

मला काय वाटतं ते पुढच्या पत्रात लिहीन.

नेल्डा

*

यप्सिलँटी, मिशिगन
सोमवार, १८ एप्रिल

नेल्डा पोरी,

बरं केलंस लिहिलंस ते. फोनवर तू बोलत नाहीस आणि मला ऐकू येत नाही, मग दोघींनी यंत्र कानाला लावून बसायचं कशाला? पण अगं, पत्रात तरी बोल! हर्शेल, तुझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ, गेल्याचं तू मला तीन ओळींत कळवलंस, त्यातली एक हवामानाची होती. आणि आता आईची कबर ‘गरम’ आहे, हे धुणं आणि बीन्स यांच्यानंतर?

मला काय वाटतं ते मी याच पत्रात लिहिते. मला वाट बघत बसायची सवय नाही.

त्या लोकांनी आधी आमचं शेत घेतलं. मी दहा वर्षांची होते, हर्शेल दोन. बाबांना कागद दिला आणि महिन्याभरात निघा म्हणाले. मग आईला कुंपणाच्या आत ठेवलं आणि आम्हाला बाहेर. वर्षातून एक दिवस, थडगी सजवायच्या दिवशी, फाटक उघडायचं. तेही यादीत नाव असेल तर! एका वर्षी पहारेकऱ्यानं मी भाजून नेलेल्या गोड रुबार्ब पायमध्ये सळई खुपसून पाहिली होती. मी म्हटलं, “बाळा, बॉम्ब तुम्ही करता, आम्ही पाय करतो.” बाबा मला ओढतच पुढे घेऊन गेले. मग त्याच कारखान्यानं हर्शेलची फुप्फुसं खाल्ली. तू काहीही म्हण, मी असंच म्हणणार. आणि आता आईच्या पायथ्याशीही येऊन बसलेत.

आईला मी तिथे एक दिवस ठेवणार नाही. माझ्या चर्चच्या मागे चांगली दफनभूमी आहे, मेपलची झाडं आहेत. आईला इथे आणू. हर्शेललाही इथेच ठेवू. त्याची राख अंत्यविधीवाल्यांच्या फळीवर जानेवारीपासून पडून आहे, ते मला बघवत नाही.

त्या ट्रिनाला म्हणावं, चार निशाणं पुरे, माझ्या आईचं मैदान करू नकोस.

इमोजीन

*

ब्रशी फोर्क
सोमवार, २५ एप्रिल

इमोजीनताई,

आज ऊन होतं. पत्र मिळालं.

एक विनंती आहे. मातीचा नमुना अजून घेतलेला नाही. तो घेऊन निकाल येईपर्यंत तुम्ही सही करू नका.

मी लिहीन म्हटलं होतं ते आता लिहिते. नोव्हेंबरमध्ये, त्याला अजून टेबलापाशी बसता येत होतं तेव्हा, हर्शेल अक्रोड फोडत होता. मध्येच म्हणाला, “मला आईजवळ ठेव.” मी म्हटलं, तिथे कुणाला ठेवू देत नाहीत. तो म्हणाला, “आता देतील. साफ करतायत ना.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “तिचा चेहरा मला आठवत नाही. निदान शेजार असू दे.”

पुन्हा तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

तो अंत्यविधीवाल्यांकडे नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे, कॉफीच्या डब्याच्या जागी. दुसरीकडे कुठे ठेवावं ते मला सुचलं नाही. डबा मी फ्रिजवर ठेवला. सकाळी हात अजून कपाटाकडेच जातो.

फुप्फुसांचं तुम्ही लिहिलंत. कारखान्यानं की सिगारेटनं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही. त्याला तिथलं काम आवडायचं, एवढं मला माहीत आहे.

थांबाल ना?

नेल्डा

*

यप्सिलँटी
शनिवार, ३० एप्रिल

नेल्डा,

तुझं पत्र आज आलं. माझी सही गुरुवारीच गेली.

आता डोक्याला हात लावून बसू नकोस. मी तरी काय करणार? तू लिहिलंस ‘पुढच्या पत्रात’. पुढचं पत्र यायच्या आत मी चर्चमागे दोन जागा घेऊनही मोकळी झाले. तुझी बातमी निघेपर्यंत माणसाची दोन लग्नं होतील.

आणि एक लागलं मला. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याला मी कडेवर घेऊन फिरले, माझ्या ताटात भरवला, शाळेत त्याला ‘इमोजीनचं पोर’ म्हणायचे. आणि ही गोष्ट त्यानं मला सांगितली नाही. आईचा चेहरा आठवत नाही, हे तर कधीच म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी सांगितलं असतं. हनुवटी त्याचीच होती.

कॉफीच्या डब्याच्या जागी! अगं पोरी.

माती चांगली निघाली तर बघू. पण निघणार नाही. त्या कुंपणाच्या आतून आपल्याकडे चांगलं काही आलंय का कधी?

इमोजीन

*

ब्रशी फोर्क
शुक्रवार, ६ मे

इमोजीनताई,

आज सकाळपासून आभाळ स्वच्छ होतं. दहा वाजता ट्रिनानं ओपलची कबर उकरली. फक्त पायथ्याची, निशाणांच्या मधली.

तुमची सही कचेरीत पोचली आहे. पेटी हलवायची तर आधी टिकटिक कशाची ते कळायला हवं, म्हणून आज नमुना घ्यायचं ठरलं. मी जवळ उभी राहिले. तिनं हातमोजे घातले, गुडघे टेकले आणि आधी ओपलचा दगड बघून म्हणाली, “माफ करा हं, मावशी.” मग शेवाळाची एक चौकट कापून अलगद बाजूला ठेवली. बाग करायच्या लहान खुरप्यानं माती काढली. दोन बोटं खोल गेली असेल, तेवढ्यात टक्‌ असा आवाज झाला.

ती थांबली. “इथून पाईप वगैरे गेलाय का?”

मी म्हटलं, इथे कधीच काही गेलेलं नाही.

मग तिनं ब्रशनं माती झाडली. वर आलं ते गोल बूड. तिनं भोवतीची माती मोकळी केली आणि दोन्ही हातांनी ते बाहेर काढलं. वाडगा होता. पालथा घातलेला, अख्खा, टवकाही उडालेला नाही. मी माझा रुमाल पाण्याच्या बाटलीनं भिजवून दिला. तिनं पुसला तर आत लखलखीत नारिंगी. पिकलेल्या पर्सिमनच्या फळासारखा.

तिनं वाडगा गवतावर ठेवून यंत्र जवळ नेलं. यंत्रानं जो आकांत केला म्हणता. मग यंत्र खड्ड्यात धरलं, आणि तिथे त्याची नेहमीची बडबड. पुन्हा वाडगा, पुन्हा आकांत. पुन्हा खड्डा, बडबड. मग ट्रिना होती तिथेच मांडी ठोकून बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“माझ्या आजीकडे याच रंगाच्या बशा होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी या झिलईत युरेनियम घालायचे, असा नारिंगी रंग यावा म्हणून. अहो, सरकार इथे यायच्या आधीपासून तुमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात युरेनियम होतं!”

मी विचारलं, “म्हणजे माती?”

“नमुना प्रयोगशाळेत जाईल, शिक्का तेच मारतील. पण माझ्या कानाला विचाराल तर मातीला काहीही झालेलं नाही.”

मी तिच्याशेजारी गवतावर बसले.

मग तिचा साहेब आला. तो भला माणूस आहे, पण नियम त्याला तोंडपाठ आहेत. तो म्हणाला, वाडगा इथे ठेवता येणार नाही, ही जमीन साफ म्हणून सोडायची आहे.

“मग टेकडीपलीकडच्या खड्ड्यात टाकायचा का?” ट्रिनानं विचारलं.

“खड्ड्यात फक्त कारखान्याचा कचरा. हा कारखान्याचा नाही.”

“मग करायचं काय?”

त्यानं वाडगा उलटासुलटा करून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “यांनी घरी न्यावा.”

“घरी चालतो?” मी विचारलं.

“घरी चालतो. घरगुती भांडं आहे ते. त्यात जेवू मात्र नका.”

तो गेल्यावर ट्रिना म्हणाली, “ऐकलंत? दफनभूमीत धोका, कपाटात नाही.”

वाडगा आता माझ्या ओट्यावर आहे. तो कुणी ठेवला असेल? हर्शेलनं त्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला काही माहीत आहे का?

सही परत घेता येते, पण तुम्हीच कचेरीला लिहायला हवं. मी आग्रह करत नाही.

मला आज बरं वाटतंय. एवढं तुम्हाला कळवावंसं वाटलं.

नेल्डा

*

यप्सिलँटी
गुरुवार, १२ मे

नेल्डा, नेल्डा, नेल्डा,

आधी कामाचं. सही मागे घेतली. सोमवारी सकाळी पत्र आलं आणि दुपारच्या टपालानं माझा कागद गेला. चर्चमागच्या दोन जागांपैकी एकीत मी जाईन आणि दुसरीत रुबार्ब लावीन.

आता वाडगा. अगं, तो मला माहीत नसेल तर कुणाला माहीत असेल! मी तुझं पत्र वाचलं, ‘नारिंगी’ शब्द आला, आणि माझ्या नाकात ताकाचा वास आला. आई शेवटच्या आठवड्यात दुसरं काही खात नव्हती. मक्याचा पाव ताकात कुस्करून, त्या वाडग्यात. मी भरवायचे.

आपल्याकडे रीत होती, तुझ्या माहेरी असेल नसेल. माणूस शेवटचं ज्या भांड्यात जेवलं ते कबरीवर ठेवायचं, आणि ठेवताना फोडायचं. फोडलं नाही तर घरातलं आणखी कुणीतरी मागोमाग जातं म्हणतात. दफन झालं, लोक पांगायला लागले, आणि झेल्फाआत्यानं वाडगा बाबांच्या हातात दिला.

“फोड.”

“फोडणार नाही,” बाबा म्हणाले.

“रीत आहे, अल्वा.”

“असेल. तिच्या जन्मात एकच रंगीत वस्तू होती, झेल्फा. ती मी फोडू?”

“आणि उद्या या लेकरांपैकी एखादं गेलं म्हणजे?”

“उद्याचं उद्या बघू. आज तू ओरडू नकोस, ती झोपली आहे.”

फेब्रुवारीच्या गारठ्यात, उपदेशक अजून टोपी घालत होता, आणि हे दोघं कबरीवर भांडत होते. शेवटी बाबांनी वाडगा पालथा घातला आणि तळहातानं दाबून दाबून मातीत बसवला. आत्या महिनाभर बोलली नाही त्यांच्याशी. पुढे उन्हाळ्यात सरकारचा कागद आला, तेव्हा म्हणाली, “बघ, सांगितलं होतं. फोडला नाहीस, आणि अख्खं शेत तिच्या मागोमाग गेलं.”

आम्ही हसलो होतो का तेव्हा? आठवत नाही. आज मी हसले. एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसले, शेजारीण बघायला आली.

दोनतीन वर्षांत त्याच्यावर गवत आलं आणि आम्ही विसरून गेलो. आणि मी मूर्ख म्हातारी तुला लिहीत होते की कारखाना आईपर्यंत पोचला. आईच होती गं ती. चौसष्ट वर्षं आपला वाडगा धरून पडली होती, आणि त्या सगळ्या यंत्रांच्या गर्दीत एकटी ओरडली, ‘मी इथे आहे.’

वाडगा फोडू नकोस. बाबांचं बरोबर होतं. मला पाठव. वर्तमानपत्रात नको, हर्शेलच्या शर्टात गुंडाळ. निळ्या चौकड्यांचा असेल तर तो. मी त्यात जेवणार नाही, नुसता बघीन. आणि जेवले तरी चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो माझं काय बिघडवणार?

हर्शेलला आईजवळ ठेव. मला यायचं होतं, पण कमरेच्या हाडाचं ऑपरेशन आठवड्यावर आलंय आणि डॉक्टर गाडीत बसू देत नाही. तूच ठेव. आणि परत आल्यावर सगळं लिही. तीन ओळींत नाही.

तुझी,
इमोजीन

*

ब्रशी फोर्क
मंगळवार, ३१ मे

इमोजीनताई,

काल थडगी सजवायचा दिवस होता. हवा चांगली होती. मी सकाळी लवकर निघाले आणि संध्याकाळी घरी आले.

सगळं लिही म्हणालात, म्हणून लिहिते.

मातीचा निकाल गेल्या आठवड्यात आला. ट्रिनानं फोन करून वाचून दाखवला. कुठल्याही शेतातल्या मातीसारखी माती, असा त्याचा अर्थ. कुंपण आता दफनभूमीच्या मागे गेलं आहे. आपण आत जातो तिथे फाटक आहे, पण पहारेकरी नाही, यादी नाही. मी सवयीनं गाडी थांबवली आणि काच खाली केली. कुणीच काही विचारलं नाही. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला, तेव्हा पुढे गेले.

शेजारच्या टकरांकडचे आले होते, माझी मैत्रीण विलाडीन आणि तिच्या मुली आल्या होत्या, चर्चमधली सात-आठ माणसं होती. तुमच्या नावानं मी रुबार्ब पाय केला होता. लोकांना सळईची गोष्ट सांगितली. मला गोष्ट सांगता येत नाही, तरी हसले.

सुट्टी असून ट्रिना आली. फुलाफुलांच्या झग्यात होती, मी तिला आधी ओळखलंच नाही. ती म्हणाली, “आज यंत्र आणलं नाही. आज आपलं आपणच बोलायचं.”

हर्शेलला ओपलच्या डाव्या हाताला ठेवलं. खड्डा लहानसाच लागतो. उपदेशकानं थोडक्यात प्रार्थना म्हटली. काही बोलायचंय का, असं त्यानं मला विचारलं. मी नाही म्हटलं. माती मी हातानं लोटली. ती कोरडी आणि सैल होती, आणि नखांत गेली ती मी लगेच काढली नाही. इतकी वर्षं तो कामावरून आला की मी आधी त्याचे हात बघायची. काल पहिल्यांदाच वाटलं, या मातीचं आपल्याला भय नाही.

तुमच्या बाबांसारखं मी तळहातानं वरून दाबलं. ओपलच्या पायथ्याशी ट्रिनानं परत बसवलेलं शेवाळ पुन्हा रुजलं आहे. नंतर सगळ्यांनी गवतावर चादरी घालून जेवण केलं. मीही जेवले. दोनदा वाढून घेतलं.

घरी येताना वाईट वाटेल असं धरून चालले होते. वाटलं नाही. गाडीची काच उघडी ठेवून आले.

आज सकाळी वाडगा पोस्टात टाकला. निळ्या चौकड्यांच्याच शर्टात गुंडाळला आहे. शर्ट धुतलेला नाही, तुम्हाला चालेल असं वाटलं. खिडकीवरच्या मुलीनं ठरलेला प्रश्न विचारला, “आत काही ज्वलनशील, विषारी किंवा धोकादायक?”

मी म्हटलं, “सासूबाईंचा वाडगा आहे.”

“फुटण्यासारखा?”

“अजून तरी फुटला नाही.”

तिनं वर शिक्का मारला.

तुमचं ऑपरेशन नीट झालं असेल. बरं वाटलं की लिहा. थंडीच्या आधी मी तुमच्याकडे येऊन राहीन म्हणते. मी फार बोलणार नाही, पण तुम्ही बोला. ओपल कशा दिसायच्या ते मला सांगा, त्याला सांगायचं राहिलं तेवढं.

पोस्टातून आल्यावर कपाटाची ती फळी पुसली. त्याच्या राखेच्या पेटीएवढी जागा तेवढी स्वच्छ होती, भोवती धूळ. सगळीच पुसून काढली. फ्रिजवरून कॉफीचा डबा काढून त्याच्या जागी ठेवला. मग पाणी ठेवलं. सवयीनं पूड दोघांपुरती पडली. परत काढली नाही. कडक झाली, पण प्यायले.

नेल्डा